फ्लोरिनयुक्त टोक आणि मायक्रोकॅप्सूलची रचना: पॉलिमर बनवण्यापासून भिंत तपासण्यापर्यंत

पॉलिलॅक्टाइड या शरीरात विरघळणाऱ्या पॉलिमरची ५,००० रेणुभाराची साखळी घ्या आणि तिच्या एका टोकाला सहा कार्बन व तेरा फ्लोरिन अणूंचा गट जोडा. वजनात फ्लोरिन भरतो जेमतेम ५ टक्के. पण या साखळ्यांनी फ्लोरिनयुक्त तेलाभोवती भिंत बांधली, की तेल मधोमध राहणार का एका बाजूने उघडं पडणार, गाभा एकसंध राहणार का त्याचे तुकडे होणार, यावर या टोकाचा मोठा प्रभाव पडतो.

हा लेख एम.एस्सी. किंवा पीएच.डी. करणाऱ्या आणि पॉलिमर कॅप्सूलवर काम सुरू करणाऱ्यांसाठी आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो: फ्लोरिनची टक्केवारी बघून रचनेचा अंदाज बांधू नका. टोक काम करतं ते तेल आणि पॉलिमर जिथे भेटतात त्या पृष्ठभागावर. म्हणून हिशेब त्या पृष्ठभागाचा करा. आणि त्याआधी, बाटलीतल्या किती साखळ्यांना खरोखर फ्लोरिनचं टोक आहे, हे तपासा.

कोणत्या कॅप्सूल?

उदाहरण म्हणून सोनोग्राफीत प्रतिमा उठावदार करणाऱ्या कॅप्सूल घेऊ. आज दवाखान्यात वापरली जाणारी सोनोव्ह्यू किंवा डेफिनिटीसारखी औषधं म्हणजे पातळ लिपिड आवरणातले वायूचे बुडबुडे. ते उत्तम चमकतात, पण रक्तात काही मिनिटंच टिकतात. म्हणून वायूऐवजी द्रव परफ्लुरोकार्बन (हायड्रोजनच्या जागी फ्लोरिन असलेलं कार्बनचं संयुग) आणि लिपिडऐवजी शरीरात विरघळणारं पॉलिएस्टर (पॉलिलॅक्टाइड त्यांपैकीच एक), अशी जोडी शोधली गेली. पॅरिसजवळच्या शाटने-मालाब्री इथल्या औषधनिर्माणशास्त्र विभागात या विषयावर बरंच काम झालं. पॉलिएस्टरच्या टोकाला फ्लोरिन जोडल्याने तेल कॅप्सूलमध्ये जास्त चांगलं सामावतं, हेही तिथल्या गटाने नॅनोकॅप्सूलवर दाखवलं आहे.

आपलं तेल आहे परफ्लुरोऑक्टिल ब्रोमाइड, यापुढे पीएफओबी. घनता सुमारे १.९२, उत्कलनबिंदू १४० अंश सेल्सिअसच्या थोडा वर. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, या तेलात त्याच्या निम्म्याहूनही कमी वेगाने. हा फरकच प्रतिध्वनी देतो. १९९३ मध्ये अमेरिकेत हेच द्रव्य पोटातून घ्यायचं एमआरआय कॉन्ट्रास्ट म्हणून मंजूर झालं होतं, त्यामुळे त्याची माहिती भरपूर उपलब्ध आहे.

टोक नेमकं काय करतं

फ्लोरिनयुक्त साखळीला पाणी नको असतं, हे सगळ्यांना माहीत असतं. तिला साधा हायड्रोकार्बनही नको असतो, हे विसरलं जातं. पॉलिलॅक्टाइडच्या गर्दीत हे टोक उपरं असतं. समोर पीएफओबीचा थेंब दिसला की ते तिकडे सरकतं आणि मागची साखळी पॉलिमरमध्येच राहते. परिणामी तेल आणि पॉलिमर यांच्यातला आंतरपृष्ठीय ताण कमी होतो.

इथून दोन वेगळे परिणाम निघतात आणि ते नेहमी एकाच दिशेने ओढत नाहीत. पहिला: ताण कमी झाल्याने पॉलिमर तेलाभोवती पूर्ण पसरायला तयार होतं, म्हणजे अखंड भिंत मिळण्याची शक्यता वाढते. दुसरा: त्याच कारणाने तेलाचे छोटे थेंब पॉलिमरमध्ये स्थिर होऊ शकतात. मग ते एकमेकांत मिसळून एक गाभा बनण्याऐवजी भिंतीत विखुरलेले राहतात. टोक जास्त तितकं चांगलं, असा सरळ नियम म्हणूनच नाही.

पायरी १: टोक निवडा

सर्वांत सोयीचा मार्ग म्हणजे फ्लोरिनयुक्त अल्कोहोलने लॅक्टाइडचं, म्हणजे पॉलिलॅक्टाइडच्या एकक रेणूचं, पॉलिमरीकरण सुरू करणं. अल्कोहोल साखळीच्या एका टोकाला कायमचं बसतं. बाजारात सहजी मिळतात ती दोन: सहा फ्लोरिनयुक्त कार्बन आणि दोन साधे मिथिलीन असलेलं, रेणुभार सुमारे ३६४, आणि आठ फ्लोरिनयुक्त कार्बनचं, रेणुभार सुमारे ४६४. मधले दोन मिथिलीन महत्त्वाचे आहेत. ते नसतील तर फ्लोरिनच्या ओढीमुळे ऑक्सिजनची क्रियाशीलता घटते आणि तयार झालेलं एस्टरही पाण्यात लवकर तुटतं.

आठ कार्बनचं टोक पृष्ठभागावर जास्त जोमाने जमतं. तरीही नवीन काम सुरू करणाऱ्याला मी सहाचंच सुचवीन. परफ्लुरोऑक्टॅनोइक आम्ल आणि त्यात रूपांतर होऊ शकणारी संयुगं २०१९ मध्ये स्टॉकहोम करारात समाविष्ट झाली, आणि आठ कार्बनचं अल्कोहोल त्याच कुटुंबातलं आहे. भिंत शरीरात विरघळली की टोक सुटं होणारच. सहा कार्बनवाल्या वर्गावरही युरोपीय संघाने २०२४ मध्ये निर्बंध आणले आहेत, त्यामुळे तीन-चार कार्बनची टोकंही सुरुवातीपासून सोबत तपासावीत. उपचारासाठीच्या वस्तूत हा प्रश्न शेवटी उपस्थित होऊन चालत नाही.

साखळीच्या दोन्ही टोकांना फ्लोरिन लावायचा मोह सध्या टाळा. अशा साखळ्या एकमेकींत अडकून द्रावण घट्ट करू शकतात, आणि मग बदल टोकाच्या पसंतीमुळे झाला की घट्टपणामुळे, हे वेगळं काढता येत नाही.

पायरी २: तुलनेचं पॉलिमर आधी ठरवा

बाजारातलं साधं पॉलिलॅक्टाइड किंवा पीएलजीए (लॅक्टाइड आणि ग्लायकोलाइडचं मिश्र पॉलिमर) आणून त्याच्याशी तुलना करणं सोपं वाटतं, पण ती तुलना खोटी ठरते. बाजारातल्या बऱ्याच नमुन्यांच्या टोकाला कार्बोक्सिलिक आम्ल असतं. ते पाण्याकडच्या पृष्ठभागावर स्वतःच काम करतं, म्हणजे तुम्ही एकाच वेळी दोन गोष्टी बदललेल्या असतात.

१-ऑक्टॅनॉलने सुरू केलेलं, त्याच रेणुभाराचं पॉलिमर हीच खरी जोडी. कार्बनची संख्या तीच, फक्त फ्लोरिन नाही. हे एक पॉलिमर बनवायला दोन-तीन दिवस जास्त जातात, पण त्याशिवाय पुढची सगळी छायाचित्रं नुसती छायाचित्रंच राहतात.

पायरी ३: पॉलिमरीकरण, आणि पाण्याचा हिशेब

डी,एल-लॅक्टाइड घ्या, म्हणजे पॉलिमर अस्फटिकी राहील आणि स्फटिकांचा गुंता टळेल. ५ ग्रॅम लॅक्टाइड म्हणजे ३४.७ मिलीमोल. ५,००० रेणुभारासाठी एका साखळीत सुमारे ३२ लॅक्टाइड हवीत, म्हणून सहा कार्बनचं अल्कोहोल १.०८ मिलीमोल, म्हणजे सुमारे ३९२ मिलिग्रॅम लागेल. उत्प्रेरक म्हणून टिन ऑक्टोएट लॅक्टाइडच्या हजाराव्या भागाएवढं, सुमारे १४ मिलिग्रॅम. नायट्रोजन किंवा आरगॉनखाली १२० ते १३० अंशांवर ठेवा.

आता मुख्य मुद्दा. पाणीसुद्धा साखळी सुरू करतं, आणि पाण्याने सुरू झालेल्या साखळीला फ्लोरिनचं टोक नसतं. तिच्या एका बाजूला आम्ल असतं. समजा लॅक्टाइडमध्ये फक्त ०.०५ टक्के पाणी आहे. ५ ग्रॅममध्ये ते २.५ मिलिग्रॅम, म्हणजे ०.१४ मिलीमोल. ५,००० रेणुभाराच्या पाककृतीत यामुळे सुमारे ११ टक्के साखळ्या बिनफ्लोरिनच्या निघतील. आता हाच हिशेब २०,००० रेणुभारासाठी करा. तिथे अल्कोहोल फक्त ०.२५ मिलीमोल घालायचं असतं, पाणी मात्र तेवढंच आहे. बिनफ्लोरिनच्या साखळ्या सुमारे ३५ टक्के. लांब साखळीत टोकाचा परिणाम दिसत नाही असा निष्कर्ष कोणी काढला, तर आधी हा आकडा विचारावा.

मुंबई-पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. लॅक्टाइड कोरड्या इथिल ॲसिटेटमधून किंवा टोल्युइनमधून पुन्हा स्फटिकवा आणि निर्वातात पूर्ण कोरडं करा. चांगले स्फटिक काचेच्या भांड्यात हलवले की सुटे सरकतात. भांड्याच्या कडेला चिकटून राहिले तर ते अजून ओले आहेत. बाटली फ्रीजमधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर हवेतलं बाष्प थेट स्फटिकांवर जमतं. फ्लोरिनयुक्त अल्कोहोल मात्र निर्वातात सुकवू नका. ते उडून जातं, आणि तुमचं प्रमाण नकळत बिघडतं. त्यासाठी सक्रिय केलेली मॉलिक्युलर सीव्ह (पाणी शोषणारे सच्छिद्र दाणे) वापरा.

लॅक्टाइडचं रूपांतर साधारण ९५ टक्क्यांना पोचलं की थांबा. त्यापुढे साखळ्या एकमेकींत एस्टरची अदलाबदल करत राहतात आणि रेणुभार पसरट होतो. थंड करून डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवा आणि बर्फात ठेवलेल्या मिथेनॉलमध्ये ओता. न जोडलेलं अल्कोहोल मिथेनॉलमध्ये निघून जातं. ही पायरी दोनदा करा. सुटं अल्कोहोल मागे राहिलं तर तेही पृष्ठभागावर धावतं आणि श्रेय पॉलिमरला मिळतं.

पायरी ४: टोकं मोजा

प्रोटॉन एनएमआरमध्ये (हायड्रोजन अणूंच्या चुंबकीय खुणा दाखवणारी तपासणी) साखळीचा सीएच ५.१६ पीपीएमच्या आसपास, मिथिल १.५८ला, आणि फ्लोरिनला लागून असलेलं मिथिलीन २.५च्या आसपास दिसतं. या शेवटच्या खुणेवरून रेणुभार काढता येतो, पण त्यात एक गृहीतक दडलेलं असतं: प्रत्येक साखळीला एक फ्लोरिनचं टोक आहे. तपासायचं तेच आपण आधी मानलेलं असतं.

म्हणून दोन तपासण्या जोडा. एक, फ्लोरिन एनएमआर, ज्ञात वजनाच्या ट्रायफ्लुरोटोल्युइनसोबत. त्यावरून एका ग्रॅममध्ये किती टोकं, हे कोणत्याही गृहीतकाशिवाय मिळतं. टोकाचा सीएफ३ उणे ८१ पीपीएमला आणि मिथिलीनशेजारचा सीएफ२ उणे ११३-११४च्या आसपास येतो. दोन, माल्डी वस्तुमान वर्णपट, म्हणजे लेसरने साखळ्या उडवून त्यांचं वस्तुमान मोजणं. त्यात शिखरांची शिडी ७२ किंवा १४४च्या अंतराने दिसते, आणि पाण्याने सुरू झालेल्या साखळ्यांची शिडी फ्लोरिनवाल्यांपासून वेगळी पडते. फ्लोरिनवाल्या साखळ्या तितक्या सहजी उडत नसल्याने माल्डीवरून टक्केवारी काढू नका. दुसरी शिडी आहे की नाही, एवढंच पाहा.

पायरी ५: कागदावर कॅप्सूल बांधा

प्रयोगाआधी दोन हिशेब करा.

पहिला, भिंतीची जाडी. १०० मिलिग्रॅम पॉलिमर, घनता १.२५, म्हणजे ०.०८ मि.लि. तेल ०.०६ मि.लि. भिंतीचं आकारमान भागिले गाभ्याचं आकारमान १.३३. त्यात एक मिळवून घनमूळ काढलं आणि त्याचा व्यस्त घेतला, की गाभ्याची त्रिज्या एकूण त्रिज्येच्या ०.७५ पट येते. ५ मायक्रोमीटर व्यासाच्या कॅप्सूलमध्ये भिंत सुमारे ०.६ मायक्रोमीटर. पॉलिमर ३० मिलिग्रॅमवर आणलं तर भिंत त्रिज्येच्या ११ टक्क्यांच्या खाली येते, म्हणजे सुमारे ०.२७ मायक्रोमीटर. सगळं तेल आत राहिलं आणि प्रत्येक कॅप्सूल सारखी निघाली तरच हे आकडे खरे. प्रत्यक्षातली जाडी यापासून किती दूर आहे, यावरूनच तेल कुठे हरवलं याचा माग लागतो.

दुसरा हिशेब टोकांचा, आणि या लेखातला माझ्या मते हाच सर्वांत उपयोगाचा भाग. ५ मायक्रोमीटरच्या त्याच कॅप्सूलमध्ये गाभ्याचा पृष्ठभाग सुमारे ४५ चौरस मायक्रोमीटर. भिंतीचं वजन सुमारे ४७ पिकोग्रॅम, ५,००० रेणुभाराच्या साखळ्या सुमारे ५६० कोटी. फ्लोरिनयुक्त साखळीचा छेद सुमारे ०.३ चौरस नॅनोमीटर असतो. म्हणजे पृष्ठभाग टोकांनी गच्च भरायचा तरी सुमारे १५ कोटी टोकं पुरतात. तुमच्याकडे त्याच्या ३८ पट आहेत. शिवाय टोकामागे पॉलिमरची गुंडाळी असते आणि ती एकटीच दहा-बारा चौरस नॅनोमीटर जागा अडवते, त्यामुळे इतकी दाट वस्ती होणारही नाही. ते धरलं तर टोकं गरजेच्या हजारपटीहून जास्त निघतात.

आता तेच प्रमाण ठेवून १५० नॅनोमीटरची कॅप्सूल घ्या. त्रिज्या घटली की आकारमानाच्या तुलनेत पृष्ठभाग वाढतो. गच्च भरण्याच्या हिशेबाने टोकं जेमतेम १.१ पट उरतात, आणि गुंडाळीच्या हिशेबाने सुमारे ३८ ते ४५ पट.

एवढ्यावरून प्रयोगाची आखणी बदलते. मायक्रोकॅप्सूलमध्ये १० टक्के फ्लोरिनवालं आणि ९० टक्के ऑक्टिलवालं (१-ऑक्टॅनॉलने सुरू केलेलं) पॉलिमर मिसळलं तरी आतल्या पृष्ठभागाला टोकं कमी पडू नयेत. उरलेली टोकं भिंतीच्या पोटात राहतात, तिथे एकत्र येऊन आपली बेटं करू शकतात, आणि त्या बेटांमध्ये थोडं तेल मुरू शकतं. नॅनोकॅप्सूलमध्ये मात्र पातळ केलेलं मिश्रण कमी पडण्याची शक्यता खरी असते. एका आकारावर मिळालेला निकाल दुसऱ्या आकाराला जसाच्या तसा लावू नये, याचं कारण हे.

म्हणून ०, १०, २५, ५० आणि १०० टक्के फ्लोरिनवाल्या पॉलिमरची मालिका करा. रेणुभार दोन्हींचा एकच.

पायरी ६: इमल्शन, म्हणजे पाण्यात द्रावणाचे थेंब

१०० मिलिग्रॅम पॉलिमर ४ मि.लि. डायक्लोरोमिथेनमध्ये, त्यात ६० मायक्रोलिटर पीएफओबी. २० अंशांवर पीएफओबी डायक्लोरोमिथेनमध्ये मिसळतं, त्यामुळे द्रावण स्वच्छ दिसलं पाहिजे. तापमान उतरलं तर ते गढूळ होऊ शकतं. एसीच्या झोताखाली ठेवलेली कुपी आणि बाकावर ठेवलेली कुपी वेगळं वागताना दिसेल, म्हणून पाण्याचं स्थिर तापमानाचं भांडं वापरा. गढूळ द्रावणातून इमल्शन केलं तर काही थेंबांत तेल जास्त आणि काहींत शून्य, अशी वाटणी होते.

मायक्रोकॅप्सूलसाठी २० मि.लि. पाण्यात २ टक्के पॉलिव्हिनाइल अल्कोहोल आणि मिनिटाला सुमारे ८,००० फेऱ्यांवर होमोजिनायझर, ही सुरुवातीची पाककृती. नॅनोकॅप्सूलसाठी १.५ टक्के सोडियम कोलेट आणि बर्फात ठेवून प्रोब सोनिकेशन. मालिका चालू असताना सर्फॅक्टंट (इथे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल किंवा सोडियम कोलेट) बदलू नका. पाण्याकडचा ताण तोच ठरवतो, आणि केवळ त्याच्या बदलाने रचना पालटू शकते.

सगळं फ्यूम हूडमध्ये. फ्लोरिनचा कचरा सिंकमध्ये जाऊ देऊ नका. ही संयुगं निसर्गात जवळजवळ तुटत नाहीत. वेगळ्या डब्यात जमा करून अधिकृत घातक-कचरा केंद्राकडेच द्या.

पायरी ७: वाळताना काय होतं

रचना ठरते ती इथे. डायक्लोरोमिथेन उडत जातं तसं तेल पॉलिमरच्या द्रावणातून वेगळं पडतं. स्लाइडवर एक थेंब ठेवून, काचेची पट्टी अर्धवट झाकून सूक्ष्मदर्शकातून पाहा. आधी थेंब स्वच्छ असतो. मग आत धुक्यासारखं काहीतरी उमटतं, धुक्याचे बारीक गोळे होतात, गोळे एकमेकांना भेटून मोठे होतात, आणि शेवटी एकच मोठा गोळा उरतो किंवा उरत नाही. ऑक्टिल आणि फ्लोरिन या दोन नमुन्यांतला फरक या काही मिनिटांत जितका स्पष्ट दिसतो तितका पुढच्या कोणत्याही महागड्या यंत्रावर दिसत नाही.

याचा हिशेब टोर्झा आणि मेसन यांनी १९७० मध्ये मांडलेल्या पसरण-गुणांकांनी करतात. तीन ताण लागतात: तेल-पाणी, तेल-पॉलिमर, पॉलिमर-पाणी. तेल-पाणी ताणातून बाकीचे दोन वजा करा. उत्तर धन आलं तर पॉलिमर तेलाभोवती पूर्ण पसरतं आणि अखंड भिंत मिळते. असेच वजाबाकीचे तिन्ही गुणांक ऋण आले तर एकॉर्न आकार मिळतो: एका बाजूला पॉलिमर, दुसऱ्या बाजूला उघडं तेल. पाण्याचा गुणांक (तेल-पॉलिमर ताणातून बाकीचे दोन वजा) धन आला तर तेल आणि पॉलिमर वेगळेच होतात.

समजण्यापुरते आकडे घेऊ. तेल-पाणी २०, पॉलिमर-पाणी ६, तेल-पॉलिमर १५.५, सगळे मिलीन्यूटन प्रति मीटरमध्ये. २० वजा २१.५ म्हणजे उणे १.५, एकॉर्न. टोकामुळे तेल-पॉलिमर ताण ११वर उतरला, तर २० वजा १७ म्हणजे अधिक ३, अखंड भिंत. साडेचार एककांचा फरक आणि चिन्ह बदललं. साध्या पॉलिमरने तुमची प्रणाली आधीच अधिक १०वर असेल तर याच टोकाने काहीही बदललेलं दिसणार नाही, आणि तो निकालही खराच असेल.

एक मर्यादा ध्यानात ठेवा. द्रावक भरपूर असताना तेल-पॉलिमर ताण जवळजवळ शून्य असतो आणि द्रावक जाताना तो वाढत जातो. सुरुवातीला प्रत्येक थेंब अखंड भिंतीच्या बाजूला असतो. पुढे चिन्ह पालटतं की नाही, आणि पालटण्याआधी भिंत घट्ट होते की नाही, ही शर्यत आहे. त्यामुळे बाष्पीभवनाचा वेग हा दुय्यम तपशील नाही. तापमान, ढवळण्याचा वेग, भांड्याचा व्यास आणि हूडच्या काचेची उंची ठरवून घ्या आणि लिहून ठेवा. एप्रिलमध्ये ३५ अंशांच्या खोलीत, ४० अंशांना उकळणारं डायक्लोरोमिथेन फारच झपाट्याने जातं.

पायरी ८: भिंत तपासा

नाइल रेड रंग पॉलिमरमध्ये मिसळतो, परफ्लुरोकार्बनमध्ये नाही. डायक्लोरोमिथेनमध्ये किंचित घालून कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली मधला छेद घ्या. पूर्ण कडं म्हणजे अखंड भिंत, चंद्रकोर म्हणजे एकॉर्न, जाळी म्हणजे अनेक गाभे. फक्त एका प्रतलावरून निर्णय नको. एकॉर्नकडे सरळ वरून पाहिलं तर तोही कड्यासारखा दिसू शकतो, म्हणून खालून वरपर्यंतची पूर्ण मालिका घ्या.

स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी गोठवून तोडलेला नमुना हवा. निर्वातात पीएफओबी निघून जातं, त्यामुळे मोकळी पोकळी दिसली म्हणून कॅप्सूल आधीपासून रिकामी होती असं समजू नका. बाहेरून दिसणारा गुळगुळीत गोळा आतल्या रचनेबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. नॅनो आकारासाठी क्रायो-टीईएम, म्हणजे गोठवलेल्या नमुन्यातून इलेक्ट्रॉन आरपार पाठवणारा सूक्ष्मदर्शक. पीएफओबीतल्या ब्रोमिनमुळे गाभा गडद उठतो.

तेल किती आत आहे ते फ्लोरिन एनएमआरने. पीएफओबीचा ब्रोमिनशेजारचा सीएफ२ उणे ६३-६४ला येतो आणि पॉलिमरच्या टोकाशी त्याची गल्लत होत नाही. इथे मात्र अंतर्गत प्रमाण म्हणून ट्रायफ्लुरोटोल्युइन नको, ते तिथेच येतं. ट्रायफ्लुरोॲसेटिक आम्ल उणे ७६च्या आसपास सुटं दिसतं. धुतल्यानंतरचं आणि धुण्याआधीचं प्रमाण दोन्ही मोजा.

काच-संक्रमण तापमानही (ज्याच्या वर घट्ट पॉलिमर मऊ होतं) तपासा. ५,००० रेणुभाराचं पॉलिलॅक्टाइड कोरडं असताना घट्ट असतं, पण पाणी आणि उरलेलं द्रावक त्याला मऊ करतात. ३७ अंशांवर भिंत मऊ पडली तर तुम्ही खोलीच्या तापमानाला पाहिलेली रचना शरीरात टिकेलच असं नाही. २० आणि ३७ अंशांवर, पाण्यातच, एका दिवसाच्या अंतराने पुन्हा कॉन्फोकल घ्या.

दिसलं त्यावरून काय बदलायचं

ऑक्टिलवाल्यात चंद्रकोर आणि १० टक्के फ्लोरिनवाल्यात पूर्ण कडं दिसलं, तर टोक पृष्ठभागावर काम करतंय. तिथेच थांबा, जास्त फ्लोरिन घालायचं कारण उरत नाही, आणि पर्यावरणाच्या दृष्टीने तेच बरं.

१०० टक्क्यांवरही चंद्रकोर राहिली तर आधी पायरी ४कडे परत जा. टोकं खरोखर आहेत का? असतील, तर पाण्याकडचा ताण तपासा. तो खूप जास्त असेल तर आतून कितीही मदत झाली तरी बेरीज जमत नाही.

अनेक गाभे दिसले तर फ्लोरिनचं प्रमाण कमी करा आणि बाष्पीभवन हळू करा, म्हणजे थेंबांना एकमेकांत मिसळायला वेळ मिळेल. याच्या उलट, हळू वाळवलेल्या नमुन्यात चंद्रकोर आणि झटपट वाळवलेल्यात कडं येत असेल, तर ते कडं केवळ वेळेआधी घट्ट झाल्यामुळे टिकलं आहे. ते दिसायला चांगलं, पण ३७ अंशांवर भिंत मऊ झाली की उघडू शकतं. या दोन स्थितींना एकच इलाज लागू पडत नाही, म्हणून प्रत्येक नमुना हळू आणि झटपट अशा दोन्ही पद्धतींनी वाळवून पाहणं मी अनिवार्य मानतो.

भिंत जाड आणि गाभा हिशेबापेक्षा लहान दिसला, तर तेल बाहेर गेलं आहे. सेंट्रिफ्यूज नळीच्या तळाशी टॉर्च धरा. पॉलिमरच्या पांढऱ्या थराखाली १.९२ घनतेचं पीएफओबी स्वच्छ, जड, काचेच्या मण्यासारखं बसलेलं दिसतं. तो मणी पिपेटने काढून वजन करा, आणि एनएमआरच्या आकड्याशी जुळवा. बेरीज घातलेल्या ६० मायक्रोलिटर तेलाच्या, म्हणजे ११५ मिलिग्रॅमच्या जवळ आली तर पुढची मालिका लावा. न आल्यास उरलेलं तेल धुवणाच्या पाण्यात शोधा.